पणजीच्या कष्टांची नोंद

महाराष्ट्राच्या देशावरील शेतकरी घरांत साधारण १९१५ ते १९३५ या वीस वर्षांत जन्मलेल्या मुली विसाव्या शतकाच्या अखेरीस पणज्या झाल्या. हिशेब सोपा आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न, सतरा-अठराव्या वर्षी पहिले मूल, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे नातवंड आणि साठी ओलांडता ओलांडता पणतवंड. ज्यांनी नव्वदी गाठली त्यांनी खापरपणतवंडही मांडीवर घेतले. आज या पिढीतल्या मोजक्याच स्त्रिया हयात आहेत. घराघरांतल्या फोटोंत त्या दिसतात: नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण आणि मांडीवर कुणाचे तरी तान्हे. त्यांच्याविषयी बोलताना सगळे त्यांच्या मायेबद्दल बोलतात, आणि ते खरेच असते. पण ही माया ज्या कामांतून घरातल्या माणसांपर्यंत पोचत होती, ती कामे एका वाक्यात उरकली जातात: फार कष्ट काढले हो तिने. हे कष्ट कोणते होते, किती होते आणि कुणासाठी होते, ते सविस्तर सांगायला हवे.

या स्त्रियांच्या जन्माची तारीख बहुधा कुणालाच ठाऊक नसे. गावात जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जाई, पण ती बारशाच्या आधीची. तीत बापाचे नाव आणि मुलगी झाल्याचा उल्लेख, एवढेच पुष्कळदा सापडते. वय सांगायचे ते एखाद्या मोठ्या घटनेवरून. प्लेगात गाव माळावर झोपड्यांत राहायला गेले तेव्हा, मानमोडीनंतर दुसऱ्या वर्षी, नदीला मोठा पूर आला त्या साली. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. तो मुंबई बंदरातून आत शिरला आणि पावसाळा सरता सरता दख्खनमधल्या गावागावांत पसरला. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. विसाव्या शतकात असे एकदाच घडले. या पिढीतल्या थोरल्या त्या साथीतून वाचलेल्या, तर धाकट्या तिच्यातून उरलेल्या आईबापांच्या लेकी.

पुढच्या दशकात, म्हणजे १९२१ ते १९३१ मध्ये, देशातले सरासरी आयुर्मान जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते. याचा अर्थ माणसे सत्ताविशीत मरत असा नाही. जन्मलेल्यांपैकी पुष्कळ मुले पाच वर्षांच्या आतच जात आणि सरासरी खाली येई. देवी, गोवर, पटकी, हगवण यांतून जी मुलगी वाचली आणि पुढे पहिली दोन-तीन बाळंतपणे जिने पार केली, तिच्यापुढे मोठे आयुष्य असण्याची शक्यता बरीच होती. जुन्या काळचे खाणे चोख होते म्हणून माणसे शंभरी गाठत, असे नेहमी सांगितले जाते. पण त्या काळातली बहुतेक माणसे म्हातारपणापर्यंत पोचलीच नाहीत. आठवणीत उरतात त्या पोचलेल्या थोड्या. पणजी नव्वद वर्षे जगली हे सांगताना तिच्या पाठीवरची तीन भावंडे परकरात, लंगोटात असतानाच गेली, हेही सांगितले पाहिजे.

मुलीचे बालपण कामातच सरे. सहा-सात वर्षांची झाली की कडेवर धाकटे भावंड आणि हातात केरसुणी. शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, वासरे राखणे, आईबरोबर पाण्याला जाणे ही कामे तिच्याकडे न सांगता येत. शाळा गावात असली तरी मुलींसाठी ती सहसा नव्हती. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेत, देशातल्या स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्या आसपास होती. त्यामुळे ही पिढी अंगठा उमटवणारी राहिली. पण तोंडी हिशेब तिचा पक्का. पायली, शेर, अधोली, मापटे, चिपटे या मापांवर तिने घरे चालवली, आणि पावली-अधेलीचे व्यवहार बाजारात कुणाकडून फसवून न घेता केले.

बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. कायदा येणार म्हणून आधीच घाईने लग्ने उरकली गेली, आणि आल्यावरही खेड्यांत तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभे करायचे, ती शहाणी झाली की सासरी धाडायचे, ही रीत चालू राहिली. लग्नात तिचे नाव बदले. तांदळात नवे नाव लिहिले जाई आणि त्या दिवसापासून माहेरचे नाव फक्त माहेरी उरे. सासरी तर नव्या नावानेही क्वचितच हाक येई. सासूची ती सूनबाई, दिरांची वहिनी, आणि गावाला ती तिच्या माहेरगावावरून ओळखीची. मुले झाल्यावर थोरल्याच्या नावाने अमक्याची आई. पणतवंडांपैकी कितीजणांना तिचे जन्मनाव माहीत असते, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

तिचा दिवस कोंबडा आरवण्याच्या आधी जात्यावर सुरू होई. वरचे पाळे खुंट्याला धरून फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे वैरायचे. ज्वारी-बाजरीचे पीठ रोजच्या रोज लागे. बाजरीचे पीठ तर ठेवले की कडू होते, म्हणून आठवड्याचे एकदम दळून ठेवायची सोय नव्हती. घर पंधरा-वीस माणसांचे असेल तर उजाडेपर्यंत घरघर चाले. दोघी जावा समोरासमोर बसल्या की खुंट्याला दोघींचे हात लागत आणि ओढ हलकी होई. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे म्हणतात. ही म्हण अगदी शब्दशः खरी होती. सासुरवाशिणीला दिवसभरात मोकळेपणी बोलायची जी एकच जागा होती, ती ही. दारे बंद, पुरुष झोपलेले, दगडाचा आवाज सोबतीला. भाऊ, आई, माहेरची वाट, पंढरीचा विठ्ठल, सीतेचा वनवास आणि सासूचा जाच या सगळ्यांना तिथे जागा मिळे. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावणारा गावात आला की आधी बोलावणे जाई ते बायकांकडून.

दळण झाले की पाणी. आडावर किंवा विहिरीवर पोहरा सोडून शेंदायचे, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि पोटुशी असली तरी खेपा तेवढ्याच. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की नदीच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीने घागर भरायची. माणसांचे, गुराढोरांचे, पाहुण्यांचे, बाळंतिणीचे असे सगळे पाणी बाईच्याच डोक्यावरून घरात येई. मराठवाड्यात आणि माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात हे चित्र अजूनही सरलेले नाही, फक्त पितळेच्या हंड्याची जागा प्लास्टिकच्या घागरीने घेतली आहे.

मग सडा, शेणकूर, सारवण, चूल. ओले सरपण आणि पावसाळ्यात दमट झालेल्या गोवऱ्या फुंकणीने फुंकून फुंकून पेटवायच्या. भाकरी तव्यावर, कालवण वैलावर. या धुराने डोळे गेले आणि छातीत दमा बसला. लोक त्याला म्हातारपणाचा खोकला म्हणत. जेवणाची पंगत पुरुषांची आधी, मग मुलांची, मग सासूची. सुना शेवटी बसत, आणि कोरड्यास संपले असेल तर भाकरीवर चटणी किंवा नुसते ताक. घरच्या दुभत्याचे लोणी काढणारी, तूप कढवणारी तीच. पण ते तूप तिच्या ताटात क्वचितच पडे. तिला त्याचे काही वाटतच नसेल असे मानण्याचे कारण नाही. ओव्यांत या उपासाच्या तक्रारी आहेत.

शेतात तिचे काम पुरुषापेक्षा कमी नव्हते, फक्त वेगळे होते. नांगर, कुळव, मोट बाप्यांकडे; पेरणीच्या वेळी पाभरीमागे मोघण धरणे, खुरपणी, भांगलण, शेंगा तोडणे, कापूस वेचणे, कणसे खुडणे, खळ्यावर धान्य उफणताना पाटी देणे, हे बायकांकडे. मावळात भातलावणीला चिखलात वाकून दिवस दिवस काढायचे. न्याहारीची पाटी डोक्यावर, तान्हे पाठुंगळी किंवा झोळीत, असे ती शेतावर जाई. झोळी बांधाच्या झाडाला टांगायची आणि ओळ धरायची. सावडीच्या रीतीने आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्या घरांना जमीनच नव्हती त्यांतल्या बायकांना हेच काम दुसऱ्याच्या बांधावर, पुरुषाहून कमी मजुरीवर करावे लागे, आणि संध्याकाळी पदरात पडलेल्या शेरभर ज्वारीचे दळण घरी येऊन पुन्हा दळावे लागे. पणजीच्या कष्टांविषयी बोलताना या भूमिहीन घरांतल्या बायकांचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो. त्यांचा दिवस सर्वांत लांब होता.

एवढे करूनही ती कागदोपत्री काम करणारी ठरली नाही. ज्या बाईचे मुख्य काम घरकाम, तिला जनगणना काम न करणाऱ्यांच्या रकान्यात टाकते. घरच्याच शेतात बिनमजुरीने राबणाऱ्या बायका या रकान्यात हरवतात हे लक्षात येऊन १९९१ च्या जनगणनेत घरच्या शेतीतले विनावेतन काम प्रश्नातच स्पष्टपणे घालावे लागले. तोवर या पिढीतल्या बहुतेकजणी साठीच्या पुढे गेल्या होत्या. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा या कामात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. हा आकडा गॅस, गिरणी आणि नळ आल्यानंतरचा. जाते, आड आणि चूल यांच्या काळात तो किती असेल, हे कुणी मोजले नाही.

बाळंतपणे आठ-दहा होणे नवलाचे नव्हते. पहिले माहेरी, पुढची बहुधा सासरी, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताखाली. अडलेली बाई बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्याकडे नेताना वाटेतच गेल्याच्या हकिगती जवळपास प्रत्येक गावात आहेत. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, परिस्थिती असेल तर डिंकाचे लाडू. सव्वा महिना विश्रांतीचा म्हणायचा. हंगामाचे दिवस असले की बाराव्या-पंधराव्या दिवशी बाई कामाला लागे. नऊ झाली, पाच वाचली, असे ती पुढे सहज सांगे. या सहजपणावरून तिला दुःख कमी झाले असे समजू नये. गेलेल्या मुलांची नावे तिला शेवटपर्यंत पाठ असत, कुणाला दात आले होते आणि कुणाला नुकते बोलता येऊ लागले होते हे सुद्धा.

शरीराने या सगळ्याची किंमत दिली. अंग बाहेर येणे हे दुखणे खेड्यातल्या कितीतरी बायकांनी तीस-तीस वर्षे अंगावर काढले. ओझी उचलायची, उकिडवे बसून सारवायचे, आणि कुणाला सांगायचे नाही. डॉक्टर राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी आयुष्यात कधी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. त्या स्त्रिया या पणज्यांच्या लेकी-सुना शोभतील अशा वयाच्याही होत्या. म्हणजे पिढी बदलली तरी दुखणे तेच राहिले. कमरेत वाकलेली म्हातारी फोटोत गोड दिसते. ते वाकणे खुरपे, हंडा आणि बाळंतपणे यांचे मिळून झालेले असते.

नवरा पुष्कळदा वयाने बराच मोठा असल्यामुळे यांतल्या बऱ्याचजणी चाळिशीच्या आतच विधवा झाल्या. काही शेतकरी जातींत पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, रीत होती. पण पदरी मुले असलेली बाई बहुधा तिथेच पाय रोवून उभी राहिली. दीर-जावांच्या घरात आपल्या मुलांचा घास राखायचा, वाटणीच्या वेळी भाऊबंदांसमोर बोलायचे, सालगडी लावायचा, कोर्टाची पायरी चढायची, मुलाला तालुक्याच्या शाळेत घालायचे, हे सगळे तिने केले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला आणि मुलींना नवऱ्याच्या, बापाच्या मिळकतीत हक्क दिला. सातबाऱ्यावर तिचे नाव लागले ते मात्र बहुधा नवऱ्यामागे वारस म्हणून, मुलांच्या रांगेत. १९९० च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना हयातीतच बायकोच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. गावोगावच्या अनेक पुरुषांनी ते मानले, हे त्या चळवळीचे मोठेपण आहे. आयुष्यभर ज्या रानात खुरपे चालवले त्या रानाच्या कागदावर तिचे नाव असावे, यात उपकाराचे काही नव्हते.

१९७२ चा दुष्काळ या पिढीच्या आठवणीत सगळ्यांत ठळक आहे. त्या वेळी त्या चाळिशी-पन्नाशीच्या, काहीजणी आज्या झालेल्या. ज्वारीचा दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळे, तिची भाकरी धड थापली जात नसे. तलाव, रस्ते, नालाबंडिंगची दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे या कामांवर होती, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. घरंदाज म्हणवणाऱ्या, कधी दुसऱ्याच्या रानात न गेलेल्या बायकांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. दुपारी मिळणारी सुकडी स्वतः न खाता पदरात बांधून नातवंडांसाठी घरी आणणे हे सर्रास चाले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना या कामांतून राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तिच्याच वाटेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. या योजनेत बाईला पुरुषाइतकाच मजुरीचा दर होता. ज्या बाईने आयुष्यभर निम्म्या मजुरीवर काम केले होते, तिच्या हातात पहिल्यांदा बरोबरीचा पैसा आला तो दुष्काळात. महाराष्ट्रातले कितीतरी पाझर तलाव आणि रस्ते या बायकांच्या पाट्यांनी झाले आहेत.

पिठाची गिरणी, आधी तेलाच्या इंजिनावरची आणि नंतर विजेवरची, साठ-सत्तरच्या दशकांत गावोगाव पोचली. बाईच्या आयुष्यातला एवढा मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच यंत्राने केला नाही. पहाटेचे दोन-तीन तास तिला परत मिळाले. सुरुवातीला गिरणीचे पीठ जळते, भाकरीला चव राहत नाही, असे म्हणणाऱ्या सासवा होत्या. सुनांनी ते ऐकून घेतले आणि डबा गिरणीत धाडला. जाते हळदीच्या आणि लग्नाच्या विधीपुरते उरले. त्याच्यासोबत ओव्या मात्र गेल्या. ज्यांनी त्या रचल्या त्यांना त्या येत होत्या. त्यांच्या सुनांना ऐकून थोड्या येत होत्या. नातसुनांना येत नाहीत.

साठी-सत्तरीनंतर काम बदलले, थांबले नाही. शेतात जाणे सुटले की पणजी घरात राहून पुढच्या दोन पिढ्यांची मुले सांभाळू लागली. नातसुना नोकरीला, मजुरीला किंवा रानात जाऊ शकल्या त्या घरात ही म्हातारी होती म्हणून. तान्ह्याला न्हाऊ घालणे हे तिचे खास काम. पाय लांब करून पाटावर बसायचे, पायांवर बाळ पालथे घालायचे, तेल-हळद, डाळीचे पीठ, कोमट पाणी, टाळूवर तेल, मग धुरी, आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवायचे. बाळगुटीसाठी सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा यांचे किती वेढे घ्यायचे ते तिला बाळाच्या महिन्यांवरून ठाऊक. बालरोगतज्ज्ञ आज तान्ह्याला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकले पाहिजे. पण तेल लावण्यात आणि अंगाला अंग लागण्यात बाळाला जे मिळत होते, ते डॉक्टरही नाकारत नाहीत.

दुपारी हातात सुई असे. विरलेली लुगडी, धोतरे, मुलांचे फाटके सदरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवायची. प्रत्येक नातवाच्या लग्नात एक, प्रत्येक पणतवंडाच्या बारशाला एक छोटी. अशा गोधडीत तिचे स्वतःचे लुगडे असे, मुलीच्या परकराचा तुकडा असे आणि गेलेल्या नवऱ्याच्या फेट्याची किनारही असे. पापड, कुरडया, शेवया, वर्षाचे तिखट, लोणची, धान्याला राख किंवा कडुलिंबाचा पाला लावून कणगीत भरणे, या वार्षिक कामांची मुकादम तीच. घराला वर्षभराचे काय लागते हे तिच्या डोक्यात होते. मुलगे मुंबईच्या गिरण्यांत किंवा पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांत गेले तेव्हा एसटीने त्यांच्या मागोमाग जाणारी पिशवीही तीच भरत असे.

पणतू झाला की पणजीवर सोन्याची फुले उधळण्याची चाल मराठी घरांत आहे. बाळाला तिच्या मांडीवर देतात, दोघांना ओवाळतात आणि सोन्या-चांदीची लहानगी फुले वरून सोडतात. पणतवंडाचे तोंड पाहिलेल्या माणसाला स्वर्गात चढायला सोन्याची शिडी मिळते, असा समज त्यामागे आहे. पूर्वी हा मान मुलाच्या मुलाला मुलगा झाला तरच मिळे. आता पुष्कळ घरे पणतीसाठीही हा सोहळा करतात आणि ते योग्यच आहे. विधवा पणजीला मात्र अनेक घरांत या मंगलकार्यातही मागे बसवले गेले. जिने घर उभे केले तिच्या कपाळाला कुंकू नाही म्हणून तिने ओटी भरायची नाही, बाळाला पाळण्यात घालायचे नाही, हा अन्याय होता आणि तिच्या लेकी-सुनांच्या डोळ्यांदेखत झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. जेवढे ठराव झाले त्याहून अधिक अजून घराघरांत व्हायचे आहेत.

अगदी उतारवयात सरकारच्या योजनांनी तिला काही दिले. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे, पंच्याहत्तरी झाल्यावर एसटीचा मोफत प्रवास. हा प्रवास या म्हाताऱ्यांनी मनापासून वापरला: माहेरी, लेकीकडे, पंढरपूरला, आळंदीला. पण या सोयींच्या दारातही एक अडचण उभी राहते. आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, कारण खरी कुणाला माहीत नाही. आणि रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला तर तो उमटत नाही. शेण, माती, खुरपे, जात्याचा खुंटा आणि भांडी घासायची राख यांनी बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या असतात. यंत्र तिला ओळखत नाही. दुकानदार दुसरे बोट लावायला सांगतो, मग तिसरे. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने ओळख पटवून धान्य देण्याची तरतूद असते. ती वापरायला दुकानदाराला भाग पाडणे हे घरातल्या शिकलेल्या माणसाचे काम आहे.

या पिढीची जी थोडी नोंद उरली ती काही माणसांनी जाणीवपूर्वक ठेवली म्हणून. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच जगातल्या, एक-दोन पिढ्या आधीच्या. १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, तरुणपणी विधवा झालेल्या आणि शेतात-घरात राबता राबता गाणी रचणाऱ्या. त्या १९५१ साली गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी ती गाणी कागदावर उतरवून ठेवली होती. सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. कागदावर उतरवणारे कुणी नसते तर मराठी कवितेतले एक मोठे नाव खानदेशातल्या एका घराबाहेर कुणाला कळलेच नसते. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पोइतवँ यांनी पुढे जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह आणि आवाजासह आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यांत मराठा, महार, मातंग, माळी, धनगर अशा अनेक जातींच्या बायका आहेत. कुणी विठ्ठलावर गायले आहे, कुणी बाबासाहेबांवर, कुणी भावावर आणि कुणी नुसतेच पाठदुखीवर.

बाकीच्या लाखो पणज्यांची नोंद कुणा संशोधकाने करायची राहिली आहे आणि ती आता वेळेत होणारही नाही. ती घरातल्या माणसांनीच करायची आहे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावापुढे आईचे नाव लागते. त्या मुलाच्या पणजीचे नाव मात्र घरच्या कुठल्याच कागदावर धड नसते. घरात अशी पणजी हयात असेल तर तिच्याजवळ बसून काही गोष्टी विचाराव्यात: तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि गाव, लग्नातले वय, किती बाळंतपणे झाली, गेलेल्या मुलांची नावे काय होती, पाणी कुठल्या विहिरीचे आणायची, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर होती, ओव्या कोणत्या येतात. जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहावे, आवाज फोनवर घ्यावा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचे दोन्ही नावांसह पूर्ण नाव घालावे. हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.